३.१५वर थांबलेला पीएस३

सांगलीत आमच्या टीव्हीखालच्या फळीवर एक काळा, चकचकीत, चांगलाच वजनदार पीएस३, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन ३ हे गेमचं मशीन, आहे. ४० जीबीचा, जुन्या घडणीचा, ज्याला सगळे ‘फॅट’ म्हणतात तो. जून २००९ मध्ये मी तो वापरलेला घेतला, १३,५०० रुपयांना. कोथरूडमधला एक मुलगा नोकरीसाठी परदेशी निघाला होता आणि खोलीतलं सामान विकत होता. त्याने विचारलं, गेम कुठले हवेत? मी म्हटलं, गेम नकोत, मशीन द्या, आणि मेनूतला सिस्टिम इन्फर्मेशनचा पडदा एकदा उघडून दाखवा. मी तेव्हा पुण्यात एमएस्सी करत होते आणि मला त्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची होती.

तेव्हापासून तो माझ्याकडे आहे. आता मी सांगलीतच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. दर वर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच, मॅडम, जुना पीएस३ स्वस्तात मिळतोय, त्यावर लिनक्स चालतं म्हणे, घेऊ का? प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. रोजच्या वापराचा कॉम्प्युटर म्हणून घेऊ नका. पण समांतर प्रोग्रॅमिंग, म्हणजे एकच काम प्रोसेसरच्या अनेक भागांना वाटून देणं, स्वतःच्या हाताने, एकेक बाइट मोजत शिकायचं असेल, तर इतकं चांगलं शिकवणारं दुसरं मशीन माझ्या हाताखालून गेलेलं नाही. आणि घेणार असाल तर फर्मवेअरचा, म्हणजे मशीनच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा, आकडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याबद्दल शेवटी सांगते.

पीएस३वर लिनक्स टाकणं ही मुळात चोरवाट नव्हती, हे आधी लक्षात घ्या. नोव्हेंबर २००६ मध्ये मशीन बाजारात आलं तेव्हा त्याच्या मेनूतच ‘इन्स्टॉल अदर ओएस’, म्हणजे दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाका, अशी ओळ होती. सोनीने हे त्याआधीही केलं होतं. पीएस२साठी २००२ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात लिनक्सचा एक संच विकायला ठेवला होता. ४० जीबीची हार्ड डिस्क, कीबोर्ड, माउस, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर असं सगळं त्या खोक्यात मिळायचं. पीएस३च्या वेळी वेगळा संच नव्हता, सोय थेट मशीनमध्येच दिली. लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, पीएस३चा भाग सोनीचे जेफ लेव्हँड सांभाळत. पीएस३तल्या सेल प्रोसेसरचे छोटे कोअर, म्हणजे गणित करणारे भाग, लिनक्समधून वापरता यावेत यासाठीची ‘एसपीयूएफएस’ ही फाइल सिस्टिम आयबीएमच्या अर्न्ड बर्गमन यांनी लिहिली. मशीन घडवणारेच त्याचा कर्नलही लिहीत होते. गेमच्या मशीनच्या बाबतीत असं फार क्वचित झालं आहे, आणि तेव्हाच्या माझ्यासारख्या विद्यार्थ्यांना त्याचा किती फायदा झाला हे मला आजही मनापासून सांगावंसं वाटतं.

मी टाकलं ते यलो डॉग लिनक्स ६.१. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या लव्हलँड गावच्या टेरा सॉफ्ट या कंपनीचं. पॉवरपीसी प्रोसेसरसाठी (पीएस३चा सेल त्याच घराण्यातला) लिनक्स तयार करणं हेच त्यांचं काम. २००८च्या शेवटी ती कंपनी फिक्सस्टार्सने घेतली. ज्यांनी फेडोरा किंवा सेंटओएस हे लिनक्सचे प्रकार वापरले आहेत त्यांनी प्रोग्रॅम उतरवून बसवणारी ‘यम’ ही कमांड हजारदा दिली असेल. त्या नावातलं पहिलं अक्षर या यलो डॉगचं आहे: ‘यलोडॉग अपडेटर, मॉडिफाइड’. इतकी वर्षं रोज टाइप केलेल्या तीन अक्षरांचं मूळ आपल्याच टीव्हीखालच्या मशीनपाशी निघालं, याचा मला फार आनंद झाला होता.

डीव्हीडीची फाइल काही जीबींची. खोलीवरचं ब्रॉडबँड २५६ केबीपीएसचं, म्हणून डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये रात्रभर डाउनलोडला लावली, डीव्हीडी बर्न केली आणि दिवाळीच्या सुट्टीत सगळं घेऊन सांगलीला आले. त्याआधी हार्ड डिस्क बदलून घेतली होती. ते काम अगदी सोपं आहे. बाजूचं छोटं झाकण काढायचं, एक निळा स्क्रू सोडवायचा, आणि लॅपटॉपमध्ये असते तशी अडीच इंची साटा डिस्क ओढून बाहेर काढायची. मी १६० जीबीची बसवली. हे करायचं असेल तर लिनक्सच्या आधीच करा, कारण पुढच्या पायरीला डिस्क पूर्ण पुसली जाते.

ती पायरी अशी. फॉरमॅट युटिलिटीत गेलात की मशीन दोनच गोष्टी विचारतं: १० जीबी लिनक्सला द्यायचे आणि बाकी सगळं गेमला, की १० जीबी गेमला आणि बाकी सगळं लिनक्सला. अधलंमधलं काही नाही. मी दुसरा पर्याय घेतला. मग पेन ड्राइव्हवर ‘पीएस३’ नावाचा फोल्डर, त्याच्या आत ‘ओदरओएस’ नावाचा, आणि त्यात बूटलोडरची, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल. पेन ड्राइव्ह लावून ‘इन्स्टॉल अदर ओएस’वर जायचं, ती फाइल मशीन स्वतः शोधतं. शेवटी ‘डिफॉल्ट सिस्टिम’मध्ये ‘अदर ओएस’ निवडून रीस्टार्ट. फोल्डरचं नाव एका अक्षराने चुकलं तरी मशीनला फाइल सापडत नाही, तेवढं जपा. ४० जीबीच्या मॉडेलला यूएसबीची दोनच भोकं आहेत, ६० जीबीच्याला चार होती. कीबोर्ड आणि माउस लावला की पेन ड्राइव्हला जागा उरत नाही, त्यामुळे एक साधा यूएसबी हब जवळ ठेवा.

त्या दिवाळीत आमच्या भागात भारनियमन होतं. वेळापत्रक बघून मी सकाळी नऊला बसले. पॅकेजेस चढत होती, पट्टी अर्ध्याच्या बरीच पुढे गेली होती, आणि ठरलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी वीज गेली. आमचा इन्व्हर्टर दिवे आणि पंख्यापुरता, त्यावर हे मशीन चालणं शक्यच नव्हतं. वीज आल्यावर बघितलं तर अर्धवट लिहिलेलं पार्टिशन, बूट होत नाही, सगळं पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी बाबा शेजारच्या काकांच्या झेरॉक्सच्या दुकानातून यूपीएस उचलून घेऊन आले आणि काम संपेपर्यंत त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसले. सव्वा तास लागला.

रीस्टार्ट झाल्यावर काळ्या पडद्यावर लिनक्सचं चिन्ह असलेले दोन पेंग्विन आले, आणि त्यांच्या खाली सहा छोटे पेंग्विन. आई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “ही बदकं कसली गं?” मी तिला मोजून दाखवली. वरचे दोन मुख्य कोअरच्या दोन थ्रेडचे (एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांचे), खालचे सहा त्याच्या सहा मदतनीस कोअरचे. कर्नल लिहिणाऱ्यांनी ही चित्रं खास या प्रोसेसरसाठी घातलेली आहेत. मी एवढे पडदे बघितले आहेत, पण बूट होतानाचा इतका बोलका पडदा दुसरा नाही. मशीनमध्ये आत काय आहे ते पहिल्याच सेकंदाला दिसतं.

आता तक्रारीच्या गोष्टी, कारण त्या लपवून उपयोग नाही.

आमचा टीव्ही तेव्हा २१ इंची, काचेचा. त्यावर मेनूच्या कडा कापल्या जात आणि टर्मिनलमधली अक्षरं वाचताना डोळ्यांतून पाणी यायचं. ‘पीएस३-व्हिडिओ-मोड’ या कमांडने आकार बदलता येतो, तरी जुन्या टीव्हीवर प्रोग्रॅमिंग करणं खरं नाही. एचडीएमआय असलेला मॉनिटर आल्यावर ७२०पीमध्ये सगळं स्वच्छ दिसायला लागलं. वायरने इंटरनेट पहिल्या दिवसापासून उत्तम चाललं. वायफायचा ड्रायव्हर कर्नलमध्ये उशिरा आला.

खरी अडचण मेमरीची. मशीनमध्ये २५६ एमबी मुख्य मेमरी आणि २५६ एमबी ग्राफिक्सची. लिनक्सच्या वाट्याला त्यातली पहिली, तीही पूर्ण नाही. कारण लिनक्स इथे थेट यंत्रावर चालत नाही. खाली हायपरव्हायझर, म्हणजे यंत्राच्या किल्ल्या हातात ठेवणारा सोनीचा प्रोग्रॅम, बसलेला असतो आणि लिनक्स त्याच्या घरात पाहुणा. ग्राफिक्सची आरएसएक्स चिप हायपरव्हायझरने कुलूपबंद ठेवलेली आहे. पडद्यावर चित्र उमटवण्यापुरता एक फ्रेमबफर मिळतो, बाकी काही नाही. म्हणजे थ्रीडी नाही, व्हिडिओला हार्डवेअरची मदत नाही. ज्या मशीनवर त्या काळातले सगळ्यात देखणे गेम चालायचे, त्यावर लिनक्समध्ये खिडकी सरकवली तरी ती मागे रेघा सोडत सरकते. ओपनऑफिस उघडायला पाऊण मिनिट. ब्राउझरमध्ये दोन-तीन पानं उघडली की हार्ड डिस्क कुरकुरायला लागते. यलो डॉगने ई१७ हा हलका डेस्कटॉप दिला होता तो याचसाठी. त्याने थोडा फरक पडतो. आणखी थोडा फरक पडतो तो एका छान युक्तीने: ग्राफिक्स चिपची मेमरी चित्रासाठी वापरता येत नसली तरी स्वॅप, म्हणजे मुख्य मेमरी भरल्यावरची जास्तीची जागा, म्हणून वापरता येते. ‘पीएस३व्हीरॅम’ नावाचा ड्रायव्हर आहे, तो लावला की दोनशेहून जास्त एमबीचा जलद स्वॅप मिळतो. मी तो लावल्यापासून काढलेला नाही.

मराठीबद्दल कुणी विचारेल म्हणून: लोहित फॉन्टमध्ये देवनागरी नीट दिसते, जोडाक्षरं तुटत नाहीत, आणि स्किम या टायपिंगच्या प्रोग्रॅममधून इनस्क्रिप्ट कळफलकाने लिहिता येतं. माझ्या प्रकल्पाच्या अहवालातलं ऋणनिर्देशाचं पान मी याच मशीनवर मराठीत लिहिलं. पण सगळा अहवाल त्यावर लिहायचा धीर मी कुणालाही देणार नाही.

आणि आता ज्यासाठी हे मशीन घ्यावं ते. त्यातला सेल प्रोसेसर सोनी, तोशिबा आणि आयबीएमने मिळून टेक्ससमधल्या ऑस्टिनला घडवला. ३.२ गिगाहर्ट्झ. एक मुख्य कोअर, त्याला पीपीई म्हणतात, आणि चिपवर आठ छोटे कोअर, त्यांना एसपीई. आठांपैकी एक कारखान्यातच बंद केलेला असतो, म्हणजे एखादा सदोष निघाला तरी चिप वाया जात नाही. एक यंत्रणेसाठी राखलेला. लिनक्सला सहा मिळतात. एकेरी अचूकतेच्या गणितात प्रत्येक एसपीईचा कमाल वेग सेकंदाला २५.६ अब्ज क्रिया, सहांचा मिळून दीडशे अब्जांच्या पुढे. १३,५०० रुपयांत, २००९ मध्ये.

पण हा वेग आपोआप मिळत नाही. तो कसा मिळतो हे मी वर्गात पंगतीच्या रूपात सांगते, आणि मुलांना ते लगेच पोचतं. पंगत बसली आहे. पीपीई म्हणजे यजमान. तो हिंडून कुणाला काय हवं ते बघतो, सांगतो, स्वतः फारसं वाढत नाही. एसपीई म्हणजे सहा वाढपी, हाताने अतिशय चपळ. प्रत्येकाकडे एकच बादली, २५६ केबीची. कोठीघर, म्हणजे मुख्य मेमरी, लांब आहे. आपल्या नेहमीच्या प्रोसेसरमध्ये कॅशे नावाचा गडी न सांगता कोठीतून सामान आणून हाताशी ठेवत असतो. इथे एसपीईला तो गडी दिलेलाच नाही. वाढप्याने स्वतः कोठीत माणूस धाडायचा, काय आणायचं आणि किती ते मोजून सांगायचं. एका खेपेला जास्तीत जास्त १६ केबी, आणि मोठ्या खेपेचा पत्ता १६च्या पटीतच हवा. पटीत नसेल तर प्रोग्रॅम ‘बस एरर’ म्हणून तिथेच मरतो. शिवाय त्या २५६ केबीच्या बादलीतच तुमचा प्रोग्रॅम, तुमचा डेटा आणि तुमचा स्टॅक (चालू कामाची तात्पुरती जागा), सगळं मावायला हवं.

म्हणून मग बादलीचे मनानेच दोन भाग करायचे. एका भागातलं वाढत असताना दुसऱ्या भागात पुढची खेप येत राहील असं बघायचं. पुस्तकात याला डबल बफरिंग म्हणतात. पुस्तकात मी ते तीनदा वाचलं होतं. कळलं मात्र त्या रात्री, जेव्हा माझा वाढपी रिकामी बादली घेऊन कोठीच्या दारात उभा असल्याचं मोजमापात स्पष्ट दिसलं.

मी घेतलेला पहिला प्रश्न साधा होता: १९२० गुणिले १०८०चं मँडेलब्रॉट चित्र, म्हणजे प्रत्येक बिंदूला एकच सूत्र पुन्हा पुन्हा लावून काढायचं चित्र, प्रत्येक बिंदूला जास्तीत जास्त हजार फेऱ्या. नुसत्या पीपीईवर साध्या सी भाषेत १९ सेकंद. तोच प्रोग्रॅम जसाच्या तसा एका एसपीईवर नेला तर २४. वाढला वेळ! मी दोन दिवस चूक शोधत होते. चूक नव्हती. एसपीईची प्रत्येक नोंदवही, म्हणजे रजिस्टर, १२८ बिटांची असते, अशी १२८ रजिस्टरं, आणि तो एका फटक्यात चार संख्या हाताळण्यासाठीच जन्मला आहे. त्याला एकच संख्या दिली तर तो चार पानांची पंगत बसवून एकाच पानावर वाढतो. चार-चार बिंदू एकत्र घेऊन प्रोग्रॅम नव्याने लिहिला आणि फांद्या फुटणारे ‘इफ’ काढून टाकले, तेव्हा एकाच एसपीईवर सव्वातीन सेकंद. मग सहाही कामाला लावले. अपेक्षा अर्ध्या सेकंदाची, आले सव्वा सेकंद. कारण मी चित्राचे सहा सारखे पट्टे कापून दिले होते. वरखालच्या पट्ट्यांत काम थोडं, मधल्यांत सगळ्यात जास्त. चार वाढपी कामं संपवून उभे, दोघे घामाघूम. शेवटी पट्टे बंद केले, आणि जो मोकळा होईल त्याने पुढची ओळ उचलायची असं ठरवलं. पाऊण सेकंदाच्या आत आलं.

१९ सेकंदांपासून तिथपर्यंतचा तो प्रवास, प्रत्येक टप्प्याला का झालं हे कळत झालेला, हे या मशीनने मला दिलं. आजच्या ग्राफिक्स कार्डावर त्याच चित्राला डोळ्याची पापणी लवत नाही तेवढा वेळ लागतो, पण तिथे बऱ्याच गोष्टी तुमच्यासाठी आधीच कुणीतरी केलेल्या असतात. इथे प्रत्येक खेप तुमच्या नावावर. आयबीएमचा सेलसाठीचा साधनसंच फुकट मिळायचा, त्यात कंपायलर, सिम्युलेटर, आणि एसपीईचा प्रत्येक टप्पा उलगडून दाखवणारी कागदपत्रं होती. इतकी स्वच्छ लिहिलेली तांत्रिक कागदपत्रं मी क्वचितच वाचली आहेत. ती उतरवून ठेवली होती म्हणून बरं.

माझं चित्र ही घरगुती गोष्ट. याच मशीनवर, याच ‘अदर ओएस’च्या दारातून लोकांनी फार मोठी कामं केली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेत गौरव खन्ना या भौतिकशास्त्रज्ञाने २००७ मध्ये आठ पीएस३ जोडून कृष्णविवरांतून निघणाऱ्या गुरुत्वलहरींची गणितं केली. पुढे ती संख्या शेकड्यांत गेली आणि मशीनं थंड राहावीत म्हणून माल थंड ठेवणाऱ्या वाहतुकीच्या कंटेनरमध्ये मांडली. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या ईपीएफएल संस्थेतल्या २०० पीएस३ वापरून एका आंतरराष्ट्रीय गटाने डिसेंबर २००८ मध्ये एमडी५ या, मजकुराचा छोटा ठसा काढणाऱ्या पद्धतीतली फट दाखवली, तीही वेबसाइटना सुरक्षा प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं बनावट प्रमाणपत्र तयार करून. अमेरिकन हवाई दलाच्या प्रयोगशाळेने न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी १,७६० पीएस३ जोडून ‘काँडॉर’ उभा केला, २०१० मध्ये. हे मी मुलांना सांगते तेव्हा टीव्हीखालचा तो काळा डबा त्यांना वेगळा दिसायला लागतो, आणि दिसायलाच हवा.

दार मात्र बंद झालं. सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या सडपातळ मॉडेलमध्ये ही सोय नव्हतीच. जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने हायपरव्हायझर भेदल्याचं जाहीर केलं. त्यानंतर सुरक्षेचं कारण देऊन १ एप्रिल २०१०च्या ३.२१ फर्मवेअरमध्ये ‘अदर ओएस’ काढून टाकण्यात आलं. अपडेट सक्तीचं नव्हतं. पण न केल्यास प्लेस्टेशन नेटवर्कवर जाता येणार नव्हतं, आणि नवं फर्मवेअर मागणारे गेम चालणार नव्हते. एक हात दिला तर दुसरा सोडायचा, असा सरळ प्रश्न होता. त्या वर्षीच्या डिसेंबरात बर्लिनच्या परिषदेत फेलओव्हरफ्लो या हॅकर गटाने पीएस३च्या डिजिटल सह्यांच्या, म्हणजे सॉफ्टवेअर सोनीचंच आहे हे पटवणाऱ्या, यंत्रणेतली मोठी चूक मांडली: दर वेळी वेगळी हवी ती संख्या तिथे दर वेळी एकच होती. लिनक्स काढून घेतल्यावरच या कामाला जोर आला, असंही त्यांनी तिथे सांगितलं. अमेरिकेत ग्राहकांनी कोर्टात दावा लावला. तो कित्येक वर्षं चालला आणि २०१८ मध्ये ३७.५ लाख डॉलरवर मिटला. तिथे मशीन घेतलेल्यांना माणशी जास्तीत जास्त ६५ डॉलर.

मी अपडेट केलं नाही. त्या आठवड्यात माझा प्रकल्प अर्ध्यावर होता, त्यामुळे विचार करायला वेळही लागला नाही. मशीन ३.१५वर होतं, तिथेच थांबवलं. पुढे मावसभाऊ सुट्टीत एक नवा गेम घेऊन आला, डिस्क घातल्या घातल्या अपडेटची खिडकी उघडली, त्याचं बोट बटणावर होतं आणि मी स्वयंपाकघरातून ओरडत आले. तेव्हापासून डब्यावर एक कागद चिकटवला आहे: ‘अपडेट करू नये. विचारा.’ तो कागद अजून आहे, चिकटपट्टी तीनदा बदलली.

आज वापरायचं तर काय होतं? यलो डॉगची नवी आवृत्ती येत नाही. डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये जुन्या ३२ बिटी पॉवरपीसीसाठीची अधिकृत शेवटची आवृत्ती म्हणजे ८वी. म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून हे मशीन इंटरनेटवर मोकळं सोडू नये. बँकेचं किंवा ईमेलचं काम त्यावर करू नये. आमच्या घरी ते फक्त घरातल्या जाळ्यावर असतं, मी लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे दुरून कमांड देत, त्यात शिरते. अशा वापरात त्याची मेमरीची आणि ग्राफिक्सची उणीव जाणवतच नाही, कारण डेस्कटॉप सुरूच करायचा नसतो. वीज मात्र खातं. मी प्लगला मीटर लावून मोजलं, नुसतं लिनक्स चालू असताना ११५ ते १२५ वॉट. दिवसभर सुरू ठेवण्यासारखं नाही. उन्हाळ्यात पंख्याचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू येतो. दोन वर्षांतून एकदा उघडून धूळ काढावी लागते, आणि प्रोसेसरवरची उष्णतावाहक पेस्ट मी आतापर्यंत एकदा बदलली आहे.

गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली घरी येऊन त्यावर बसायच्या. त्यांनी तापमान पसरण्याचं समीकरण सहा एसपीईंवर वाटलं. पहिल्या दिवशी अ‍ॅरे बादलीत मावेना म्हणून दोघी रुसून बसल्या होत्या. चौथ्या दिवशी एकीने वहीच्या मागच्या पानावर २५६ केबीचा हिशेब मांडला: प्रोग्रॅमला इतके, स्टॅकला इतके, दोन खेपांना इतके, आणि उरलेले ११ केबी ‘राखीव’. ते पान मी तिच्याकडून मागून घेतलं.

घ्यायचाच असेल तर असं करा. फॅट मॉडेलच बघा, सडपातळ आणि अतिसडपातळ यांचा विचार सोडून द्या. विकणाऱ्याच्या घरी किंवा दुकानात मशीन चालू करायला लावा. सेटिंग्ज, सिस्टिम सेटिंग्ज, सिस्टिम इन्फर्मेशन. आकडा ३.१५ किंवा त्याखालचा असायला हवा. तेवढ्यावर न थांबता त्याच मेनूत ‘इन्स्टॉल अदर ओएस’ ही ओळ स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ३.२१ किंवा पुढचा आकडा दिसला तर हात जोडून परत या. सुधारित फर्मवेअर घालून सोय परत आणण्याच्या वाटा आहेत, पण नवख्याने पहिल्याच मशीनवर त्या वाटेला जाऊ नये. तिथे एक चूक झाली तर मशीन पुन्हा चालू होत नाही. अर्धा तास चालू ठेवून पंख्याचा आवाज ऐका. एकदम चढून तसाच राहिला तर आत धूळ आहे किंवा पेस्ट वाळली आहे, तेवढे पैसे कमी करून मागा. आणि पैसे देण्याआधी मालकाला मशीनचं इंटरनेट बंद करायला सांगा, म्हणजे तुम्ही पिशवी आणायला वळलात तेवढ्यात कुणी हौसेने अपडेट करून देणार नाही.